संग्रहालयाच्या जमाखर्चात आपलीही वर्गणी

भाकरी थापत असाल तर थापत राहा, शेळ्यांमागे असाल तर रेडिओ जरा कानाजवळ धरा. आज आपण सहलीबद्दल बोलणार आहोत. मुंबईचं मोठं संग्रहालय बघायला जायचं असेल तर तयारी काय करायची, हे सांगते. पण त्याआधी थोडा इतिहास सांगणार आहे. का, ते पुढे कळेल.

दोन वर्षांपूर्वी आमच्या सोलापूरकडच्या गटाच्या चौदा जणी मुंबईला गेलो होतो. सिद्धिविनायक झाला, महालक्ष्मी झाली. संध्याकाळी गाडी गेटवे ऑफ इंडियाकडे निघाली तेव्हा डाव्या-उजव्या अंगाला मोठमोठ्या दगडी इमारती. खिडकीशी बसलेल्या आमच्या अक्का एकदम ओरडल्या, "अगं, ह्यो तर विजापूरचा गोलघुमट! हितं कुणी आणला?" सगळ्या खोखो हसलो. गाडीवाला म्हणाला, "मावशी, ते म्युझियम आहे. तिकीट काढावं लागतं, आणि बघायला वेळ लागतो." मागून एकजण म्हणाली, "शिकल्यासवरल्या लोकांचं असतंय ते. आपल्याला काय कळतंय त्यातलं?" गाडी पुढे गेली. आम्ही गेटवेला फोटो काढले, भेळ खाल्ली, आणि रात्रीच्या गाडीनं परत आलो.

घरी आल्यावर मी वाचायला घेतलं. आणि काय निघालं? अक्का बरोबर होत्या. ती इमारत बांधणाऱ्या वास्तुकारानं घुमट बेतला तो विजापूरच्या गोलघुमटावरूनच. आपल्यातली एक बाई, शाळेत चौथीपर्यंत गेलेली, धावत्या गाडीतून एका नजरेत इमारतीचा उगम ओळखते, आणि आम्ही बाकीच्या तिला हसतो. "आपल्याला काय कळतंय" म्हणणारीला मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. ते आज देते.

त्या संग्रहालयाचं आजचं नाव छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. १९९८ साली हे नाव दिलं. त्याआधीचं नाव प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, आणि जुनी माणसं अजून तेच म्हणतात. प्रिन्स ऑफ वेल्स म्हणजे इंग्लंडच्या गादीचा वारस. १९०५ साली असा एक युवराज मुंबईला आला, जो पुढे पाचवा जॉर्ज राजा झाला. त्याच्या भेटीची आठवण म्हणून शहरातल्या बड्या मंडळींनी संग्रहालय उभं करायचं ठरवलं. ११ नोव्हेंबर १९०५ ला त्याच युवराजाच्या हातून पायाचा दगड बसवला.

म्हणजे नाव राजाचं, पाया राजाचा. पण पैसा कुणाचा? आपण गटाच्या बायका आहोत. कुठलंही काम ऐकलं की आपला पहिला प्रश्न असतो, "वही दाखवा." तर ही वही बघू या.

युवराजाच्या भेटीसाठी जमलेल्या वर्गणीतला पैसा होताच. त्यात सर करीमभाई इब्राहिम यांनी ३ लाख रुपये घातले. सर कावसजी जहांगीर यांनी ५० हजार दिले. मुंबईच्या नगरपालिकेनं अडीच लाख दिले. आणि सरकारनं ३ लाख. आता हे सरकारचे ३ लाख आले कुठून? सरकारचं काही शेत नसतं आणि सरकार दूधही घालत नाही. त्या काळी मुंबई इलाख्याच्या तिजोरीत मोठा हिस्सा शेतसाऱ्याचा असे. सोलापूर, सातारा, नगर, नाशिक, खानदेश, कोकण, सगळीकडून सारा गोळा होई. १८९६ ते १९०० या काळात दख्खनमध्ये दोन मोठे दुष्काळ पडले, शिवाय प्लेगची साथ. त्यातून सावरणाऱ्या गावांनीही सारा भरला. आपल्या पणजोबांनी भरला, आणि तो भरण्यासाठी पणजीनं खुरपलं, वेचलं, मळणी केली.

करीमभाईंचं नाव वहीत आहे, आणि असायलाच हवं, त्यांनी मोठी रक्कम दिली. पण गावागावांतून आलेल्या पैशापुढे एकच शब्द लिहिलाय, 'सरकार'. त्या शब्दाच्या पोटात आपली माणसं आहेत. म्हणून मी म्हणते, त्या इमारतीत आपली वर्गणी आहे. आपण तिथे पाहुण्या म्हणून जात नाही.

पुढची नोंद दगडाची. वास्तुकाराचं नाव जॉर्ज विटेट. १९०९ साली स्पर्धेतून त्यांचा आराखडा निवडला गेला. ज्या गेटवेसमोर आम्ही फोटो काढले, तो गेटवेही याच माणसानं बांधला. म्हणजे एकाच हाताच्या दोन इमारती, चालत दहा मिनिटांच्या अंतरावर. एक फुकटची बघितली आणि दुसरी दारातून सोडली. विटेट यांनी विलायतेतली इमारत उचलून इथे आणली नाही. त्यांनी आपल्याकडच्या इमारती बघितल्या. घुमट विजापूरचा घेतला. दगड कुर्ल्याचा निळसर काळा आणि मालाडचा पिवळसर. नाशिकच्या एका जुन्या वाड्याचं लाकडी काम, खांब आणि कमानी, विकत घेऊन आत बसवलं. आत गेलात की मधल्या मोठ्या दालनात उभ्या राहून वर बघा. ज्या कारागिरांनी वाड्याचे ते खांब तासले, त्यांना आपलं काम मुंबईत जाईल हे स्वप्नातही आलं नसेल.

१९१४ ला इमारत तयार झाली, पण संग्रहालय उघडलं नाही. पहिलं महायुद्ध सुरू झालं होतं, आणि त्या नव्या कोऱ्या दालनांत जखमी सैनिकांचं इस्पितळ उघडलं. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मराठा पलटणी लढत होत्या. घायाळ माणसं बोटीनं मुंबई बंदरात उतरत. आपल्यातल्या कितीतरी घरांतून माणूस त्या लढाईला गेला होता. पणजोबांचा लष्करी बिल्ला अजून कुणाच्या पेटीत असेल. आज जिथे मूर्ती मांडल्या आहेत, तिथे तेव्हा खाटा होत्या. ही नोंद मला सगळ्यात जवळची वाटते.

अखेर १० जानेवारी १९२२ ला संग्रहालय लोकांसाठी उघडलं. उद्घाटन एका बाईनं केलं, गव्हर्नरांच्या पत्नी लेडी लॉइड यांनी. पण तो काळ कसा होता बघा. दोनच महिन्यांपूर्वी, नोव्हेंबर १९२१ मध्ये, इंग्लंडचा नवा युवराज मुंबईत उतरला होता. गांधीजींनी बहिष्काराची हाक दिली होती, विलायती कापडाची होळी झाली, आणि शहरात दंगल होऊन माणसं मेली. त्या राजघराण्याचं नाव कपाळावर घेऊन हे संग्रहालय उघडलं. त्यामुळे ते कुणाचं, हा प्रश्न पहिल्या दिवसापासूनच होता. नाव बदलायला पुढे शहात्तर वर्षं गेली.

आता आतल्या वस्तूंची नोंद. १९१५ साली शेठ पुरुषोत्तम मावजी यांचा संग्रह विकत घेतला. १९२१ साली सर रतन टाटांचा संग्रह आला, १९३३ साली सर दोराबजी टाटांचा. वस्तूजवळ छोटी पाटी असते. त्यावर वस्तूचं नाव, कुठली, किती जुनी, कशाची आणि कुणी दिली ते लिहिलेलं असतं. बनवणाराचं नाव मात्र बहुतेक ठिकाणी नसतं. संग्रहालयानं ते लपवलेलं नाही. वस्तू तिथे पोचण्याच्या किती तरी आधी ते हरवलेलं असतं. हे कसं हरवतं, ते शेवटी सांगते.

आता तयारी. मोठ्या संग्रहालयात हजारो वस्तू असतात. सगळं बघायला गेलं की काहीच बघून होत नाही, पाय दुखतात आणि डोकं भणभणतं. बाजाराला जाताना आपण यादी करतो, तशी इथेही करायची. माझी यादी चारच गोष्टींची आहे.

पहिली, देवी. घारापुरीच्या लेण्यांतल्या काही मूर्ती या संग्रहालयात आहेत, त्यात महिषासुरमर्दिनी आहे. आपली तुळजापूरची भवानी तीच. मूर्ती भंगलेली आहे, पण अंगातला जोर बघा. तिथे हात जोडले तर कुणी अडवत नाही. पण हळदकुंकू लावायचं नाही आणि हातही लावायचा नाही. रागावू नका, कारण ऐका. आपल्या बोटांना घाम असतो, तेल असतं. दिवसाला शेकडो हात लागले की दगडसुद्धा काळा पडतो आणि झिजतो. देवळाचा उंबरठा कसा झिजलेला असतो, ते आपण रोज बघतोच.

दुसरी, माती. सिंधमध्ये मीरपूर खास नावाचं गाव आहे, आज ते पाकिस्तानात आहे. तेव्हा सिंध मुंबई इलाख्यात होता. तिथल्या बौद्ध स्तूपाच्या खोदकामात निघालेल्या मूर्ती मुंबईला आल्या. त्या दगडाच्या नाहीत, मातीत घडवून भाजलेल्या आहेत, सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या. चूल घालणारीला, गौरी-बैल करणारीला त्या जास्त कळतील. माती किती मळली असेल, भाजताना तडा कसा गेला नसेल, हे पुस्तक वाचून कळत नाही, हाताला कळतं. जवळ उभं राहून आपसांत बोला.

तिसरी, कापड. कापडाचं वेगळं दालन २०१० साली उघडलं. देशातल्या वेगवेगळ्या भागांतल्या विणकामाच्या आणि रंगकामाच्या रीती तिथे मांडल्या आहेत. आपण सोलापूरकडच्या, चादरी आणि मागाच्या आवाजात वाढलेल्या. पैठणीसारखं वस्त्र दिसलं तर पदराची उलटी बाजू कशी असेल याचा विचार करा. खऱ्या हातमागाच्या पैठणीत रंगाचे धागे एकमेकांत असे अडकवतात की उलट-सुलट दोन्हीकडून नक्षी सारखीच दिसते. एकेका पदराला महिने जातात. त्या महिन्यांत घर कुणी चालवलं, कांड्या कुणी भरल्या, सूत कुणी उकललं? मागावर नाव पुरुषाचं असलं, तरी आधीचं कितीतरी काम घरातल्या बायकांचं असतं.

चौथी, जे तिथे नाही ते. १९३१ साली परळ-शिवडीचा रस्ता करताना मजुरांना एक प्रचंड शिल्प सापडलं. शिवाची उभी मूर्ती, आणि तिच्यातून वर आणि बाजूंना निघालेल्या आणखी मूर्ती. उंची सुमारे साडेतीन मीटर, म्हणजे दोन माणसं एकावर एक उभी केल्याइतकी. संग्रहालयात तिची प्लास्टरची प्रतिकृती आहे. खरी मूर्ती आजही परळला, बारादेवीच्या देवळात, पूजेत आहे. म्हणजे संग्रहालयाचा दरवाजा कितीही मोठा असला, तरी प्रत्येक गोष्ट तिथे गेली पाहिजे असं नाही. कधी जपायला संग्रहालय लागतं, कधी लोकांची पूजाच वस्तू जपते. दोन्हीचा मान ठेवायचा.

आता जाण्यायेण्याचं. आधी पैसे. गटाच्या बचतीला आणि कर्जाच्या रकमेला हात लावायचा नाही. सहलीची वेगळी वही करायची. चौदा जणींनी महिन्याला पन्नास रुपये ठेवले तर दहा महिन्यांत सात हजार होतात. सोलापूरहून रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोचवते. तिथून संग्रहालय पायी वीस-पंचवीस मिनिटांवर, फोर्ट भागातून काळा घोडा विचारत जायचं. पाय दुखत असतील तर बस किंवा टॅक्सी.

दुसरं, आधी फोन. आम्ही एकदा एका शहरातल्या संग्रहालयाच्या दारात जाऊन उभ्या राहिलो, तर आठवड्याच्या सुट्टीचा दिवस. दोन लहान मुलं, तीन म्हाताऱ्या, आणि कुलूप. तेव्हापासून आदल्या आठवड्यात फोन करायचा नेम केला. पाच गोष्टी विचारायच्या: उघडं कधी असतं, तिकीट किती आणि गटाला किंवा मुलांना सवलत आहे का, मराठीत समजावून सांगणारं माणूस किंवा कानाला लावून ऐकायचं यंत्र मिळेल का, लिफ्ट किंवा चाकाची खुर्ची आहे का, आणि डबा कुठे खाता येईल. दालनात खायला चालत नाही, आणि मोठ्या पिशव्या बहुधा दारात ठेवून घेतात. तेव्हा पैसे, औषध, चष्मा आणि वही-पेन छोट्या पिशवीत वेगळं काढायचं.

तिसरं, दोन-अडीच तासांपेक्षा जास्त नाही. चार-चार जणींच्या टोळ्या करायच्या. प्रत्येक टोळीत एक वाचणारी आणि एक जुनी जाणती. वाचणारीनं पाटी वाचायची आणि जाणतीनं वस्तू. आमच्या अक्का पाटी वाचणार नाहीत, पण घुमट ओळखतील. पहारेकऱ्याला भिऊ नका. "दादा, कापडाचं दालन कुठंय?" असं विचारलं की तो रस्ता दाखवतो. दालनांतली मांडणी अधूनमधून बदलते, त्यामुळे यादीतली वस्तू दिसली नाही तर विचारून घ्या.

मुंबई लांब पडत असेल तर पुण्याला राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर केळकरांनी लहानपणी गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, आठवणीसाठी ते उभं केलं. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. गावोगाव फिरून त्यांनी दिवे, अडकित्ते, भांडी, दारं, खेळणी अशा रोजच्या वस्तू जमवल्या. १९७५ साली तो संग्रह राज्य सरकारला दिला. तिथे गेलात तर आपलंच माजघर बघितल्यासारखं वाटेल. आणि कुणालाच जाता येत नसेल तर मुंबईच्या संग्रहालयाची एक बसही आहे, 'म्युझियम ऑन व्हील्स' नावाची. २०१५ पासून ती शाळांत आणि गावांत जाते. शाळेच्या बाईंना सांगून चौकशी करायला हरकत नाही.

आता नाव कसं हरवतं, ते. आमच्या अक्कांच्या सासूबाईंचा पितळी लामणदिवा होता. साखळीला मोर होता. तो सासूबाईंच्या माहेरच्या तांबटानं घडवलेला, लग्नात आंदण आलेला. दुष्काळाच्या एका वर्षी जुनी भांडी घेणारा दारात आला. अक्कांनी दिवा दिला आणि स्टीलचा एक पिंप घेतला. पिंपाला पुढे गंज चढला. दिवा आता कुठे आहे कुणास ठाऊक. एखाद्या हॉटेलात टांगलेला असेल, नाहीतर एखाद्या काचेच्या पेटीत असेल, आणि खाली पाटी असेल, 'लामणदिवा, पितळ, महाराष्ट्र'. त्या तांबटाचं नाव अक्कांना माहीत होतं. गावाचं नावही माहीत होतं. पण घेणाऱ्यानं विचारलं नाही आणि अक्कांनी सांगितलं नाही. त्या उंबऱ्यावर नाव हरवलं.

हे मला सांगताना अक्का रडल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "दिवा गेला तो गेला, गरज होती. पर नाव तरी लिवून ठिवायला पायजे हुतं."

तर मैत्रिणींनो, सहल ठरो न ठरो, पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातली एक जुनी वस्तू आठवून यायचं. जातं, गोधडी, अडकित्ता, पाळणा, काहीही. कुणी केली, कुठून आली, कुणी वापरली, एवढं गटाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहायचं. जिला लिहिता येत नाही तिचं शेजारणीनं लिहायचं. वस्तू विकावी लागली तर विका, त्यात लाज नाही. पण घेणाऱ्याच्या हातात नावाची चिठ्ठी द्या, आणि एक आपल्या वहीत ठेवा.

आम्ही माघात जाणार आहोत, चौदा जणी. या वेळी गाडीवाल्याला आधीच सांगून ठेवलंय की गोलघुमटाजवळ थांबायचं. अक्कांना पुढची खिडकी दिली आहे.